मधल्या आकाराची एसयूव्ही वापरणाऱ्यांनो, खरं काय ते सांगा

घरात पाच माणसं: आम्ही दोघं, 7 वर्षांचा मुलगा, 2 वर्षांची मुलगी आणि आई. आईचे गुडघे दुखतात. 11 वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये मुलीची खुर्ची बसवली की आईला उरलेल्या जागेत अंग चोरून बसावं लागतं. म्हणून साधारण साडेचार मीटर लांबीची एसयूव्ही घ्यायचं घाटतंय. परीक्षणं वाचून झाली, सगळी आठवडाभराच्या पाहुण्याने लिहिल्यासारखी. गाडी 100 चा वेग किती सेकंदांत गाठते ते कळलं. पोहून आल्यावर चार ओले टॉवेल कुठे ठेवायचे ते कुणी सांगत नाही. तेव्हा निदान वर्षभर गाडी वापरलेल्यांनी लिहा. कौतुक कमी आणि कुरकुर जास्त असली तरी चालेल. कंपनीचं नाव नको.

*

तुमच्या आईंच्या गुडघ्यांपासूनच सुरुवात करते, कारण आमच्याकडे सासूबाईंचं तेच होतं. उंच गाडी म्हणजे चढायला त्रास, असं आम्ही धरून चाललो होतो. झालं उलटं. सीट मांडीच्या उंचीला आली की माणूस नुसता कडेला टेकतो आणि आत सरकतो. जुन्या गाडीत त्या अक्षरशः खाली पडायच्या आणि उतरताना दोघांनी हात धरावे लागायचे. पण सगळ्याच उंच गाड्या सारख्या नाहीत. आम्ही पाहिलेल्या एका गाडीत दाराखालचा उंबरठा इतका रुंद होता की पाय आधी वर उचलायचा, मग लांब टाकायचा, आणि उतरताना पोटरीला चिखल. काही गाड्यांत दारच खालपर्यंत येऊन तो उंबरठा झाकतं. हे माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नसतं. सासूबाईंना नेऊन तीन वेळा चढ-उतार करायला लावली, विक्रेता अवघडला, अवघडू दे.

दुसरं, मुलीची खुर्ची सोबत न्या. आयसोफिक्सच्या कड्या (मुलांची खुर्ची थेट गाडीला अडकवायच्या) बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात. दोन्हीकडे मुलांच्या खुर्च्या लागल्या की मधे उरते ती जागा माणसाची नाही, पिशवीची. तुमच्या मुलालाही बूस्टर, म्हणजे मूल उंच बसावं म्हणून सीटवर ठेवायची बैठक, लागत असेल तर आई बसणार कुठे, हे शोरूममध्येच बसवून बघा.

*

मग सात सीटची घ्या, असं कुणीतरी म्हणेलच. आम्ही घेतली. तिसरी रांग तीन वर्षांत 9 वेळा उघडली. मोजलंय, कारण घरात यावरून वाद आहे.

ती उघडली की डिकीत दोन दप्तरं मावतात, बस्स. मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीशी आणि डोकं मागच्या काचेपासून वीतभर. 10 वर्षांखालची मुलं खूश असतात, मोठी माणसं एकदाच बसतात. आणखी एक गोष्ट फार उशिरा कळली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर टायरची हवा दिलेली असते. गाडीने एकूण किती वजन वाहावं ते तिथेच किंवा मॅन्युअलमध्ये मिळतं. माझ्या गाडीची वाहण्याची क्षमता 520 किलो आहे. 70 किलोचे सात जण म्हणजे 490. राहिले 30 किलो, त्यात सातांचं सामान! शिवाय भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरची हवा वेगळी, जास्त सांगितलेली असते. मी दोन वर्षं रिकाम्या गाडीच्या हवेवर भरलेली गाडी पळवत होतो. आणि पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचते का, हे विचारायला विसरू नका. मी विसरलो.

*

पेट्रोल टर्बो. कागदावर 17, हातात 11. गाडी उत्तम आहे, पाय माझा आहे.

*

डिझेलचा विचार असेल तर थांबा, माझी चूक ऐका. वय झालंय, जन्मभर डिझेल चालवलं, म्हणून याही वेळी डोळे मिटून डिझेल घेतली. पण नोकरी संपली होती हे लक्षात घेतलं नाही. आता माझी रोजची धाव चार किलोमीटर: नातीला शाळेत सोडायचं आणि परत.

आजच्या डिझेलला धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टरचं तापमान 600 अंशांच्या आसपास जावं लागतं. इंजीन जास्तीचं डिझेल सोडून ती उष्णता तयार करतं. त्याला 15-20 मिनिटं सलग धाव हवी. माझी गाडी ते काम सुरू करायची आणि मी शाळेच्या फाटकाशी इंजीन बंद करायचो. रोज. अर्धवट राहिलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरत गेलं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली पाहून मला वाटलं, वा, गाडी ऑइल खात नाही! आठव्या महिन्यात दिवा लागला, ताकद गेली, गाडी रांगायला लागली. वर्कशॉपने आधी सेन्सर बदलला, मग दुसरा सेन्सर बदलला, तिसऱ्या खेपेला एका पोरगेल्या मेकॅनिकने विचारलं, 'काका, रोज किती चालवता?' एवढा एक प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर.

आता आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर अर्धा तास नेऊन आणतो. कुत्र्याला फिरवावं तसं. ज्यांची रोजची धाव लांब आहे त्यांनी डिझेल जरूर घ्यावं, भरलेल्या गाडीने घाट चढताना त्याची जी ओढ असते तिला तोड नाही. माझ्यासारख्यांनी घेऊ नये.

*

काका, म्हणूनच आम्ही हायब्रिड घेतली, इंजीन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. सिग्नल ते सिग्नल अशा वापरात ती खरंच वाचवते, कारण ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने गेलात तर ब्रेकच लागत नाही, मग फायदाही बराच घटतो.

एक फजिती. तीन आठवडे गाडी उभी होती, परत आलो तर कुलूपही उघडेना. मोठी बॅटरी शाबूत, पण गाडीला जागं करते ती नेहमीची लहान 12 व्होल्टची बॅटरी, आणि ती मेलेली. किल्लीच्या आत लपलेल्या धातूच्या किल्लीने दार उघडलं. ती तिथे असते हे त्या दिवशी रात्री 1 वाजता मॅन्युअल वाचून कळलं.

*

आमच्या मुलीला जुन्या सेडानमध्ये कधी गाडी लागली नाही. नवी एसयूव्ही आली आणि दर प्रवासात पिशवी. आधी वाटलं सस्पेन्शन, मग वाटलं नव्या गाडीचा वास. शेवटी एकदा मी मागे तिच्या जागेवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला मान खाली करून बसलो. समोर पुढच्या सीटची पाठ, बाजूला दाराचं काळं प्लास्टिक, आणि खिडकी सुरू होते ती कपाळाच्या वर. हल्ली गाडी रुबाबदार दिसावी म्हणून खिडकीची खालची रेषा मागे जाताना वर चढवतात. कान सांगतो आपण वळतोय, डोळ्याला मात्र काहीच हलताना दिसत नाही. मग पोट ढवळणारच.

मुलगी बूस्टरच्या वयाची झाली होती, त्यामुळे उंच बूस्टर घेतलं, तिला बाहेरचं दिसू लागलं, पिशव्या जवळजवळ बंद. पण बघताना बाहेरून जी रेषा मला फार आवडली होती तीच ही, हे अजून खुपतं.

टॉवेल: झाकण असलेला प्लास्टिकचा टब, डिकीत. बाकी सगळे उपाय करून झालेत.

*

सनरूफ हवंच असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याच्या नळ्या असतात हे लक्षात ठेवा. झाडाखाली गाडी लावली की पानांचा चुरा त्यांत बसतो. आमचं पायाखालचं कार्पेट ओलं व्हायचं आणि आम्ही मुलांना ओरडायचो, बाटली कुणी सांडली म्हणून. दोन महिने ओरडलो. मुलांची माफी मागून झाली आहे.

*

मोठी चाकं दिसायला छान. 19 इंची चाकावर रबराची भिंत बारीक राहते, खड्ड्याचा धक्का सरळ पाठीत येतो आणि टायरची कूस कापली जाते. माझी कापली गेली, भर पावसात. डिकीचा तळ उचलला तर स्टेपनीच नाही, फेसाची बाटली आणि पंप. फेस छोटं छिद्र बुजवतो, कूस शिवत नाही. टोईंगची वाट बघत बसलो. पुढे कळलं की चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत चारही टायर जवळपास सारखे झिजलेले लागतात, नाहीतर यंत्रणेवर ताण येतो. एक कापला, चार घ्यावे लागले. आणि ही चारचाकी ताकद चिखलातून निघायला कामाची, थांबायला नाही; थांबवतात ते ब्रेक आणि टायर. शक्य असेल तर त्याच गाडीचा 17 इंची चाकांचा प्रकार चालवून बघा.

*

सुरक्षेचे तारे बघताना वर्ष बघा. युरो एनकॅप ही गाड्या आपटवून त्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरोपातली संस्था, तिच्या चाचण्या 1997 पासून चालू आहेत आणि निकष दर काही वर्षांनी कडक होतात. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला तिथे 2014 पासून गुण मिळू लागले. त्यामुळे 2010 चे पाच तारे आणि आताचे पाच तारे एक नव्हेत. तुम्ही घेताय त्याच प्रकारात त्या गोष्टी आहेत का, तेही पाहा.

आणि उंच बॉनेटपुढे लहान मूल दिसत नाही. एकदा गाडीत बसा आणि घरच्या कुणाला तरी मुलीला पुढे उभं करायला सांगा, ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. मी पाहिल्यापासून कॅमेरा असूनही निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारतो.

*

आम्ही चार वर्षांनी विकली आणि लांब डिकीची बुटकी गाडी घेतली. सामान जवळपास तेवढंच मावतं, टप धुवायला स्टूल लागत नाही, आणि शेजारच्या गाडीला दार लागू नये म्हणून श्वास रोखून उतरावं लागत नाही. उंचावरून रस्ता दिसायचा, त्याची मात्र आठवण येते.

*

धागा काढणारा बोलतोय. सगळ्यांचे आभार. शनिवारी आई, दोन्ही मुलं, खुर्ची, बूस्टर अशी वरात घेऊन गेलो. यादीतल्या पहिल्या गाडीत दोन्ही खुर्च्या लागल्यावर आई मधे बसूच शकली नाही. दुसरीत बसली, पण उंबरठा तोच, पोटरीवाला. मुलगी दोन्हींत बॉनेटपुढे गायब. आम्ही विक्रेत्याशी बोलत असताना आई कोपऱ्यातल्या एका गाडीत जाऊन बसली, मुलाला शेजारी घेतलं, आणि उठायला तयार होईना. ती गाडी आमच्या यादीत नव्हती. दिसायला अगदीच चौकोनी आहे, मागच्या खिडक्या मात्र मोठ्या. सनरूफ नाही. स्टेपनी आहे.

येत्या रविवारी चालवून बघतोय. आई म्हणते तिला परत यायची गरज नाही, तिचं ठरलंय.