मदत हवी आहे: काउंटरच्या पारदर्शक शीटवर अक्षरं उमटवायची आहेत, पण पलीकडचा चेहरा दिसत राहायला हवा

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे आणि माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्या. थोडं सविस्तर लिहिते.

सांगलीत आमचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, ७४ वर्षांचे आहेत आणि अजून रोज दुकानात बसतात. हात अजिबात थरथरत नाही, नजर चांगली आहे, पण गेल्या पाच-सहा वर्षांत कान जवळजवळ गेले. श्रवणयंत्र आहे, पण रस्त्यावरच्या गोंगाटात त्यातून नुसता कल्ला ऐकू येतो, म्हणून काढूनच ठेवतात. समोरच्याच्या ओठांवरून बरंच ओळखतात. अडचण अशी की प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात आणि वाक्याच्या शेवटचा 'नको' किंवा 'नका' पुष्कळदा निसटतो.

मागच्या वर्षी एक बाई त्यांच्या वारलेल्या वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पॉलिश करू नका." अण्णांना 'पॉलिश' तेवढं कळलं. चार दिवसांनी त्यांनी केस आरशासारखी चकचकीत करून हातात ठेवली. मागच्या झाकणावरचे ओरखडे गेले होते, आणि बाईंना नेमके तेच हवे होते. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये.

बोललेलं मराठीत टाइप करून दाखवणारं ॲप मोबाइलवर आहे आणि ते बऱ्यापैकी बरोबर लिहितं. पण अण्णा मोबाइलकडे बघतात तेव्हा माणसाचा चेहरा सुटतो. चेहऱ्याकडे बघावं तर अक्षरं राहून जातात. दोन्ही एकाच नजरेत हवं. करोनात काउंटरवर बसवलेली अ‍ॅक्रिलिकची शीट अजून तिथेच आहे, दोन फूट बाय दीड फूट, ४ मिमी जाडीची. त्या शीटवरच, गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली दोन ओळी उमटल्या तर?

साधा प्रोजेक्टर लावून बघितला. प्रकाश शीटमधून सरळ आरपार गेला आणि अक्षरं समोरच्या काकांच्या सदऱ्यावर उमटली. दुधी शीट लावली तर अक्षरं दिसतात, माणूस दिसत नाही. मग वाचताना कळलं की तिसरा एक मार्ग आहे. शीटवर फ्लुरोसंट पदार्थाचा पारदर्शक थर द्यायचा आणि त्यावर डोळ्याला जेमतेम दिसणारा जांभळा किंवा अतिनील प्रकाश टाकायचा. तो जिथे पडेल तिथे थर स्वतः उजळतो, बाकीची शीट साध्या काचेसारखी राहते. २०१० मध्ये जनरल मोटर्सने कार्नेगी मेलन आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या साथीने गाडीच्या पुढच्या काचेवर हेच करून दाखवलं होतं. काचेत फॉस्फर (प्रकाश पडला की स्वतः उजळणारा पदार्थ) आणि खालून अतिनील लेझर, म्हणजे धुक्यात रस्त्याची कड काचेवरच आखून दिसावी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या लोकांनी चांदीचे नॅनोकण प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घालून निळा पडदा केला. पण त्यात कण उजळत नाहीत, ठरावीक रंगाचा प्रकाश तेवढा विखुरतात. ते कण घरी करणं मला जमणार नाही, म्हणून फ्लुरोसंटच्या मागे लागले.

आतापर्यंत केलेले प्रयोग असे.

पहिला प्रयोग अण्णांच्याच कपाटातल्या पुडीचा. घड्याळाच्या काट्यांवर भरायची हिरवट पूड असते, आपण तिला रेडियम म्हणतो, पण हल्ली ती स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची असते, किरणोत्सारी नसते. ती पारदर्शक वॉर्निशमध्ये कालवून लावली. शीट ताकासारखी पांढरी झाली. शिवाय एकदा उजळलेलं अक्षर विझतच नाही. पुढचं वाक्य मागच्यावर चढतं.

दुसरा प्रयोग टिनोपॉलचा. कपडे पांढरेशुभ्र दिसतात ते त्यातल्या फ्लुरोसंट द्रव्यामुळे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची पूड गरम पाण्यात विरघळवली, त्यात चिमूटभर टिनोपॉल घातलं आणि पोस्टकार्डाएवढ्या अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यावर ओतलं. थर अण्णांनी पसरवला. धूळ बसू नये म्हणून वर भिंतीवरच्या घड्याळाची काच उपडी घातली आणि दोन दिवस हात लावू दिला नाही. काय सुंदर फिल्म झाली! थर कुठे आहे ते बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचं यंत्र आणून त्याखाली धरली, तर पूर्ण तुकडा निळाशार पेटला. आम्ही दोघं टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मग ऑनलाइन मागवलेला ४०५ नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) जांभळा लेझर पॉइंटर मारला, तर अगदी फिका ठिपका. त्याच लेझरने पांढरा कागद मात्र झगझगीत निळा दिसतो.

माझे प्रश्न:

टिनोपॉल यंत्राखाली चालतं आणि लेझरखाली का नाही? दुसरं कोणतं द्रव्य घ्यावं?

दोन ओळींची अक्षरं टाकायला प्रकाश कुठून आणायचा? लेझर आरशाने फिरवून लिहिता येतं असं वाचलं, पण पलीकडे गिऱ्हाईक बसलेलं असतं, त्याच्या डोळ्यांचं काय?

यंत्राखाली तुकड्याच्या मधल्या भागापेक्षा कडा जास्त चमकत होत्या. माझं काही चुकलं का?

दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी चारनंतर ऊन आत येतं. तेव्हा हे दिसेल का?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, फिल्म तुम्ही उत्तम केली आहे, फक्त जोडी जुळलेली नाही. टिनोपॉलच्या जातीची द्रव्यं साधारण ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पितात आणि निळा सोडतात. नोटांच्या यंत्रातला दिवा ३६५ चा असतो, म्हणून तो चालला. ४०५ पर्यंत येईतो त्यांचं पिणं जवळजवळ संपलेलं असतं. कागदात हे द्रव्य भरपूर असतं आणि प्रकाश तंतूंमध्ये पुन्हापुन्हा आपटत राहतो, म्हणून तिथे दिसतं. तुमच्या पातळ थरातून तो एका झटक्यात पार होतो.

पायरानीन बघा. पिवळ्या हायलायटरच्या शाईत असतं ते. पाण्यात विरघळतं, म्हणजे तुमच्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये नीट बसेल. याची गंमत अशी की आम्लात ते ४०३ च्या आसपास प्रकाश पितं आणि अल्कलीत ४५४ च्या आसपास. ४५४ म्हणजे निळा प्रकाश. तो प्यायला की फिल्म पिवळी दिसणार. म्हणून मिश्रण किंचित आंबट ठेवा. व्हिनेगर सुकताना उडून जातं, लिंबूसत्त्व फिल्ममध्ये राहतं. हायलायटर पिळून वापरू नका, त्यातल्या ओलावा धरणाऱ्या द्रव्यांमुळे फिल्म चिकट राहील. शुद्ध पूड घ्या.

आणि जास्त घातलं की जास्त उजळेल असं नाही. रेणू फार जवळ आले की एकमेकांची ऊर्जा गिळतात आणि चमक उलट कमी होते. पाच तुकडे करा, प्रत्येकात आधीच्या निम्मं द्रव्य घाला, आणि डोळ्यांनी निवडा.

हळद स्पिरिटमध्ये विरघळवून बघायचा मोह होईल. ४०५ खाली ती छान हिरवट चमकते, पण फिल्म पिवळी होते आणि उजेडात काही दिवसांत मरते.

रेडियमची पूड पांढरी दिसली कारण तिचे दाणे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते प्रकाश विखुरतात. विरघळलेला रेणू विखुरत नाही. पारदर्शकपणाचं सगळं मर्म यातच आहे.

प्रतिसाद २

मी लेझर शोची कामं करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरतं बोलतो. माणूस समोर बसणार असेल तर लेझर वापरू नका. कृपया.

४०५ चा प्रकाश डोळ्याला फार मंद भासतो, कारण त्या टोकाला आपली नजर अगदीच कमजोर असते. हिरव्या लेझरला पापणी आपोआप मिटते, इथे मिटत नाही, आणि ऊर्जा मात्र डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोहोचते. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांची मूळ पिवळसर भिंगं गेलेली असतात, त्यांच्यात तर आणखी पोहोचते. स्वस्त पॉइंटरवर ५ मिलिवॅट छापलेलं असतं, प्रत्यक्षात आत त्याच्या कितीतरी पट निघतं. प्रयोगापुरता वापरत असाल तरी त्या तरंगलांबीचा नारिंगी चष्मा लावूनच वापरा.

तुमचं काम लेझरशिवाय होईल. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरमध्ये ४०५ च्या एलईडी असतात आणि त्यांच्यासमोर एकरंगी एलसीडी पॅनेल. तेच पॅनेल स्लाइडसारखं वापरा, पुढे भिंग लावा. रंगीत पॅनेलमधून हा प्रकाश फारच कमी जातो, म्हणून एकरंगीच घ्या. ३६५ ची एलईडी लावून टिनोपॉलच ठेवू असा विचार असेल तर तो सोडा. तो प्रकाश पॅनेलमध्येच बराचसा अडतो आणि पॅनेल लवकर खराब होतं. आणखी एक फायदा म्हणजे देवनागरी. लेझरने लिहायचं तर शिरोरेखा, काना, वेलांटी, प्रत्येक ठिकाणी किरण विझवून पेटवावा लागतो आणि दोन ओळींतच थरथर सुरू होते. पॅनेलवर सगळं अक्षर एकदम येतं.

आता महत्त्वाचं. प्रकाश समोरून टाकू नका. फ्लुरोसंट थर चारी दिशांना उजळतो, प्रकाश कुठून आला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे प्रोजेक्टर अण्णांच्या डोक्यावर लावून तीव्र उतारात खाली मारा. उरलेला जांभळा प्रकाश शीट ओलांडून काउंटरवर पडेल, काही शीटवरून परतून अण्णांच्या टेबलावर पडेल. दोन्हीकडे काळं मखमली कापड अंथरा. तिरकं टाकल्यामुळे अक्षरं ताणली जातील, तेवढी उलट बाजूने आधीच दाबून घ्या.

प्रतिसाद ३

कडांबद्दल: तुमचं काही चुकलेलं नाही. थराने सोडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ७५ टक्के अ‍ॅक्रिलिकच्या आतच परावर्तित होत राहतो आणि कडांनी बाहेर पडतो. कडांना काळी चिकटपट्टी लावा. शीटवर ओरखडे असतील तर तेही असेच उजळतील, म्हणून जुनी शीट वापरू नका.

उन्हाबद्दल: सूर्यप्रकाशातही अतिनील आणि जांभळा भाग असतो, तो सगळ्या थराला एकदम उजळवेल आणि अक्षरं फिकी पडतील. दाराच्या काचेला अतिनील अडवणारी फिल्म लावली तर थोडा फरक पडेल, पण ४०० च्या वरचा भाग तीही फारसा अडवत नाही. थेट ऊन शीटवर पडू न देणं हाच उपाय. छज्जा किंवा बांबूची चटई.

आणि पावसाळा! पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ओलावा ओढतं. पूर्ण सुकल्यावर वरून पातळ काच लावून कडा बंद करा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. उशीर झाला, कारण आधी करून बघायचं होतं.

पायरानीनची पूड मिळाली. पाच तुकडे केले. पहिला, सगळ्यात दाट, खरंच तिसऱ्यापेक्षा मंद निघाला. लिंबूसत्त्व न घातलेला तुकडा पिवळट, घातलेला पांढऱ्या कागदावर ठेवला तरी जेमतेम ओळखू येतो. ओली असताना फिल्म हिरवीगार चमकायची, सुकल्यावर निळ्याकडे सरकली आहे. अण्णांना हिरवा जास्त सोपा वाचता येत होता. यावर काही करता येईल का?

लेझर बंद करून कपाटात ठेवला. पॅनेल अजून नाही, म्हणून ४०५ ची एलईडी टॉर्च घेतली. काळ्या कार्डशीटवर अण्णांनी ब्लेडने अक्षरं कोरली. आतले तुकडे गळून पडू नयेत म्हणून 'ठ' आणि 'व' यांच्या पोटाला बारीक आधार ठेवले होते. पुढे त्यांचं जुनं भिंग लावलं, आणि हा सगळा सरंजाम पंख्याच्या हुकाला दोरीने टांगला. मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. संध्याकाळचे सात वाजले होते, दुकानातली ट्यूब चालू होती. माझ्या बाजूने अक्षरं उलटी दिसत होती, शब्द होता 'ठेवा'. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन बोटं खाली घे. तुझा खालचा ओठ झाकतोय."

खाली घेतलं. आता हनुवटीच्या खाली, गळ्याच्या उंचीवर बसतंय. त्यांनी पेन्सिलीने शीटच्या कडेला खूण करून ठेवली आहे.

म्हणून आता एकच मागणं. सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कोणाकडे रेझिन प्रिंटरचं जुनं एकरंगी पॅनेल पडून आहे का? कोपऱ्यातले पिक्सेल मेलेले असले तरी चालेल, मला मधल्या दोन ओळीच लागणार आहेत. योग्य किंमत देईन. आणि मोबाइलवरचा मजकूर त्या पॅनेलवर आणायला कोणता कंट्रोलर बोर्ड घ्यावा, हे सांगणारं कोणी असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करावा.