विजांचा गडगडाट की ढगांचा?

परवा संध्याकाळी पुण्यात वळीव आला. दिवसभर जिवाची काहिली झाली होती. चारनंतर आभाळ काळंनिळं झालं आणि बघता बघता खिडक्या आपटायला लागल्या. वाळत घातलेले कपडे निम्मे आत आणले, निम्मे शेजारच्या गच्चीत उडाले. लाईट गेली. पुढचा पाऊण तास आम्ही सगळे मधल्या खोलीत बसून होतो. एक वीज तर इतकी जवळ पडली की उजेड आधी की आवाज आधी ते कळलंच नाही. तावदानं थरथरली आणि माझी मुलगी आजीच्या कुशीत शिरली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. त्याला म्हटलं, "इकडे विजांचा नुसता गडगडाट चाललाय." आईनं अंधारातूनच दुरुस्त केलं : "विजा कुठं गडगडतात? गडगडतात ते ढग. विजा कडकडतात."

तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीत. बातम्यांत 'विजांचा गडगडाट' सर्रास वाचायला मिळतो. हवामानाच्या अंदाजात मात्र 'मेघगर्जना व विजांचा कडकडाट' असं वेगवेगळं सांगतात. मला आईचं पटतं. गडगडणं म्हणजे घरंगळत जाणं : डोंगरावरून दगड गडगडत येतो, रिकामं पिंप गडगडत जातं. त्यात लांबण आहे, घरघर आहे. कडकड मोडते ती वाळकी फांदी. टाळ्यांचाही कडकडाटच होतो. तिथं काहीतरी तुटतं किंवा आपटतं, आणि तेही जवळ.

लहानपणी आभाळ वाजू लागलं की आजी म्हणायची, 'ढगात म्हातारी हरभरे भरडतेय.' जात्याची ती घरघर म्हणजे अस्सल गडगडाट. कडाडणाऱ्या विजेला कुणी म्हातारीचं जातं म्हणणार नाही.

इतरांचं काय मत आहे?

प्रतिसाद
मी भौतिकशास्त्र शिकवते. तुमच्या आईचं बरोबर आहे, पण थोडी भर घालते. आवाज दोन्ही वेळा विजेचाच असतो. विजेच्या वाटेतली हवा क्षणात ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तोच आवाज आपण ऐकतो. ढग एकमेकांवर आपटून आवाज होतो असं अजूनही मुलं लिहितात, ते चूक आहे.
मग एकाच आवाजाला दोन शब्द का? अंतरामुळे. विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब आणि वेडीवाकडी असते. वीज दूर असली की त्या वाटेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरून निघालेला आवाज मागेपुढे पोचतो, डोंगरांवरून परततो, आणि त्यातला तीक्ष्ण भाग हवेत विरतो. उरते ती घरघर. जवळच्या विजेचा पहिला दणका अख्खा कानावर येतो, तो कडकडाट. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो, त्यामुळे लखलखाट झाल्यावर आकडे मोजले तर अंतर कळतं. ज्या लोकांनी हे शब्द घडवले त्यांनी सेकंद मोजले नसतील, पण कान किती नेमके होते बघा.

प्रतिसाद
आमच्या बीडकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'इज पडली' असं असतं. 'वीज कोसळली' हे पेपरवाल्यांचं. कोसळते ती भिंत किंवा दरड. वीज पडते.
आणि 'पायाळू' शब्द कुणी ऐकलाय का? जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याच्यावर वीज पडते अशी समजूत. माझा चुलता पायाळू होता. आभाळ आलं की आजी त्याला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. समजुतीला आधार काही नाही, पण आभाळ आलं की घरात बसावं हे सगळ्यांनाच लागू आहे. झाडाखाली थांबून दरवर्षी माणसं आणि गुरं दगावतात. मी तर 'दामिनी' ॲप घेऊन ठेवलंय, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं. नावही छान निवडलंय, दामिनी म्हणजे वीज.

प्रतिसाद
बाजाराच्या बातम्या बघा. कांद्याचे भाव 'गडगडले' म्हणजे उतरले आणि 'कडाडले' म्हणजे चढले. एकाच वादळातले दोन आवाज, पण एक खाली घरंगळतो आणि दुसरा वर उसळतो. यापेक्षा चांगला पुरावा कोणता?
एक शंका : वळवाचा की वळिवाचा?

प्रतिसाद (मूळ लेखक)
वरच्या शंकेबद्दल : मी 'वळवाचा' लिहितो. लाकूड–लाकडाचा, कापूस–कापसाचा, तसंच वळीव–वळवाचा. 'वळिवाचा'ही छापलेलं दिसतं, पण कानाला पहिलंच बरं वाटतं.

कांद्याचं उदाहरण आईला वाचून दाखवलं, ती खूष झाली. 'गडगडाटी वादळ' या पाठ्यपुस्तकी शब्दाबद्दल मात्र तिनं नाक मुरडलं. वादळ म्हणजे वारा. वारा, विजा, पाऊस आणि कधी गारा असं सगळं एकदम आणणारा आपला शब्द वळीव, असं तिचं म्हणणं. मला ते अर्धंच मान्य आहे, कारण वळीव पावसाळ्याआधीचा. सप्टेंबरच्या शेवटी हस्त नक्षत्रात असाच गडगडत पडतो तो हत्तीचा पाऊस, त्याला कुणी वळीव म्हणत नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. त्या रात्री पाऊस थांबल्यावर गच्चीत गेलो, तर पार लांब क्षितिजावर उजेड होत होता, आवाज अजिबात नाही. आई त्याला 'वीज लवतेय' म्हणाली. तुमच्याकडे या मुक्या विजेला काय म्हणतात?