वडिलांच्या फियाटचं बॉनेट अकरा वर्षांनी उघडलं. काय पुसू, काय ठेवू?

भालोदची_फियाट

राम राम मंडळी.

गाडी १९७० ची फियाट ११००, कुर्ल्याला बनलेली. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, डायनॅमोवाली. वडिलांनी ती भुसावळच्या एका रेल्वे ऑफिसरकडून घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच चालवली. सावद्याला केळीच्या वॅगन भरायच्या असल्या की पहाटे चारला ती सुरू व्हायची, त्या आवाजानेच आम्हाला जाग यायची. वडील गेल्यावर शेडमध्ये लावली ती लावलीच. तिच्या शेजारी दर साल कापूस भरत गेलो.

मागच्या रविवारी बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डवर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळ्यांवर) उंदरांनी कापसाचं घरटं केलंय, चांगलं पायलीभर. रेडिएटरच्या जाळीत रुई बसलीय. टॅपेट कव्हरपासून (इंजिनच्या वरच्या झाकणापासून) खाली ब्लॉकवर बोटभर जाड काळं किटण आहे, गळलेलं ऑईल आणि त्यावर आपली काळी माती. बॅटरीची पेटी हिरवी-पांढरी फुललीय.

आणि उजव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर वडिलांचं अक्षर. पांढरा ऑईल पेंट, काडेपेटीच्या काडीने लिहिलेला. ऑईल बदललं की तारीख आणि किलोमीटर: ‘४-३-८८, ४१२६०’. मग कुठे ‘पट्टा’, कुठे ‘प्लग ४’, कुठे ‘होज वरचा’. एकोणीस ओळी वाचता येतात, खालच्या काही किटणाखाली गेल्यात. शेवटच्या ओळीत नुसती तारीख आहे, पुढे काही नाही.

पुतण्या म्हणतो वॉशिंग सेंटरला नेऊ, एका तासात चकाचक. इथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, इंजिन उतरवू, सगळ्याला सिल्व्हर मारू, नवी वायरिंग टाकू. आई पारोळ्याकडची, अजून अहिराणीच बोलते. ती एवढंच म्हणाली, ‘तठे तुना बापना हात फिरेल शे, पुसू नको.’

मला गाडी चालू करायची आहे आणि कंपनीतून आली तशीच ठेवायची आहे. पण वडिलांनी जे बदललं ते मूळ धरायचं की नाही? आणि घाण काढायला सुरुवात कुठून करू?

धुळ्याचा_वायरमन

भाऊ, आईंचं ऐका. मग पुढचं वाचा.

मी ३८ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, धुळ्यात आग्रा रोडला होतो, आता घरूनच करतो. आधी कशालाही हात न लावता फोटो काढा. वरून, दोन्ही बाजूंनी, वाकून खालून. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कुठली क्लिप कुठल्या होजवर, कुठला बोल्ट लांब आणि कुठला आखूड. शंभर फोटो झाले तरी जास्त नाहीत. जोडायच्या दिवशी तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय ते.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी बाहेर.

घरटं कोरडं उपसू नका. त्यात उंदरांचं मूत असतं, लेप्टोची भीती असते. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, घरट्यावर फिनेलचं पाणी शिंपडून ओलं करा आणि मगच काढा. कापसाचा एक पुंजकाही मॅनिफोल्डजवळ राहता कामा नये. मॅनिफोल्ड तापलं की रुई पेटते, आणि तिथून पेट्रोलची नळी किती लांब आहे ते तुम्हीच बघा. घरट्याखालच्या वायरी कुरतडलेल्या निघतील, त्याचं नंतर.

आता किटण. त्याला शिव्या देऊ नका, त्यानेच तुमचा ब्लॉक इतकी वर्षं गंजापासून वाचवला. ते कोरडंच खरवडायचं, बांबूच्या कामटीने. लोखंडी ब्रश आणि स्क्रू-ड्रायव्हर लांब ठेवा. कामटी रंगावर ओरखडा पाडत नाही. थर निघाला की जुना रंगाचा ब्रश रॉकेलमध्ये बुडवून वीतभर जागा घ्या, पुसा, मग पुढची वीत. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन, पण आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा, रंग फडक्याला येतो का. पेट्रोल नको, कधीच नको. होज आणि पट्ट्यावर रॉकेल सांडू देऊ नका, रबर फुगतं.

डायनॅमोचा ब्रॅकेट सुटला की त्याच्या मागे बघा. तिथे हवा-ऊन लागलेलं नसतं. कारखान्याने ब्लॉकला काय रंग दिला होता ते त्या दोन बोटांच्या जागेत समजेल. तुमच्या गाडीचं उत्तर तिथेच आहे, कुणाच्या मोबाइलमधल्या फोटोत नाही.

चोपड्याची_अम्बॅसेडर

दादा, वॉशिंग सेंटरला नेऊ नका म्हणून हात जोडून सांगते.

आमची मार्क टू, १४८९ सीसी. सासऱ्यांची गाडी. तीन वर्षांपूर्वी रॅलीला न्यायची म्हणून मी स्वतः ती धुवायला दिली आणि शेजारी भाजी घ्यायला गेले. परत आले तर इंजिनवर कॉस्टिक मारून वर जोराच्या पाण्याचा फवारा चाललेला. कॉस्टिक ग्रीस खातं, तसंच अॅल्युमिनियमही खातं. कार्बोरेटर काळा-राखाडी पडला, तो आजपर्यंत पूर्वीसारखा झाला नाही. डेल्कोत, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी, डायनॅमोत पाणी. गाडी ढकलत घरी आणली. त्याहून वाईट म्हणजे कंपनीची प्लेट. अक्षरांतला रंग वाहून गेला, आता नुसता कोरा पत्रा दिसतो. पार्ट शोधून सापडतात, मुंबईच्या चोरबाजारात मला एसयू कार्बोरेटरचा सुट्टा भागही मिळाला. प्लेट कुठून आणू?

म्हणून प्लेटला फक्त ओलं मऊ फडकं आणि शॅम्पूचा एक थेंब. पितळ घासायची पॉलिश लावाल तर अक्षरं जातील. इंजिन नंबरवर रंग चढवू नका आणि तिथे पॉलिश पेपर तर बिलकुल नको. आरटीओत पेन्सिलने ठसा घेतात, नंबर बुजला तर तुमच्याच गाडीला तुम्हीच पुरावा देत बसाल.

तुमची गाडी ५० वर्षांच्या वरची आहे. केंद्राने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यात अट हीच की चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. आधीच नंबर असलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, नव्याने नोंदवली तर व्हीए मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र अशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुम्हाला केळीच्या बागेत न्यायची असेल तर विचार करून अर्ज करा. पण मूळपण गेलं तर तो विचार करायचीही सोय राहत नाही.

पाणी लावायचंच असेल तेव्हा कार्बोरेटरचं तोंड, डेल्को, कॉइल, डायनॅमो, ऑईल भरायचं तोंड यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, रबर लावून घट्ट. पाणी स्पंजने, पाईपने नको. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग सोडतं. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने फिरवा. मे महिन्यात करू नका, पत्रा इतका तापतो की शॅम्पू लावता लावता वाळतो.

नंदुरबार_१८

माझं मत थोडं वेगळं आहे. पन्नास वर्षांची वायर, पन्नास वर्षांचं रबर, त्यात उंदीर. मूळपणाच्या नादात गाडी पेटली तर काय राहणार? होज, पट्टा, पेट्रोलची नळी, सगळी वायरिंग नवी टाका. प्लेट आणि नंबर सांभाळला की झालं.

धुळ्याचा_वायरमन

नंदुरबारवाले भाऊ, होज, पट्टा आणि पेट्रोलची नळी याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. रबराला वय असतं, ते बदलायचंच. फक्त जुन्या क्लिपा फेकू नका, रॉकेलमध्ये धुऊन त्याच परत लावा.

वायरिंगला मात्र मी सरसकट कात्री लावू देणार नाही. पूर्ण हार्नेस बदलला की रंग बदलतात, जाडी बदलते, टर्मिनल बदलतात आणि पुढच्या माणसाला काही उमगत नाही. एकेक वायर ओल्या फडक्याने पुसा, दोन बोटांत धरून हलकी वाकवा. आवरण तडकलं तर ती वायर गेली. नाही तडकलं तर ती अजून काम करेल. गेलेल्या वायरच्या जागी त्याच रंगाची, त्याच जाडीची घाला. कटआऊटवर (डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारी डबी), कॉइलवर ल्युकास-टीव्हीएसचं नाव असेल तर घासून पुसून टाकू नका. बोल्टच्या डोक्यावरची अक्षरंही बघा, जीकेडब्ल्यू किंवा टीव्हीएस, ही बोल्ट बनवणाऱ्यांची नावं. तो बोल्ट गंजका दिसला तरी बाजारातल्या चमकत्या बोल्टपेक्षा मोलाचा. नायलॉनच्या ब्रशने रॉकेलमध्ये धुवा, हलका ऑईलचा हात द्या. निंबूसताच्या पाण्यात फक्त तोच बोल्ट टाका ज्याचं जस्त आधीच गेलंय, कारण गंजाबरोबर ते राहिलेलं जस्तही खातं.

बॅटरीच्या पेटीला खायचा सोडा पाण्यात कालवून ओता. फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत ओता, मग धुवा, वाळवा, आणि तेवढ्याच पत्र्याला काळा रंग. टर्मिनलला व्हॅसलीन. रेडिएटरची रुई मागून पुढे हवा मारून काढायची, म्हणजे जशी आली तशी बाहेर जाते. हवेचा दाब कमी ठेवा, तांब्याच्या पात्या बोटाने वाकतात.

आता तुमचा खरा प्रश्न. वडिलांनी बदललेलं मूळ धरायचं का? मी माझ्यापुरतं असं धरतो: धोक्याचं असेल ते काढायचं, बाकीचं राहू द्यायचं. नुसत्या तारा पिळून मारलेला जोड असेल तर तो काढा, झाळून नवा करा, पण जुना तुकडा डबीत ठेवा, वर चिठ्ठी लावा कुठला ते. लिहिलेलं मात्र गाडीचं सर्व्हिस बुक आहे. त्याच्यावर रॉकेल नाही, टर्पेंटाईन नाही. कोमट पाणी, शॅम्पूचा थेंब, कान साफ करायची काडी. घासायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची. किटणाखालच्या ओळींना काडीचं टोक रॉकेलने जेमतेम ओलं करून एका टिंबाला लावा आणि काडीकडे बघा. काळं आलं तर पुढे जा. पांढरं आलं की तिथेच थांबा, उरलेलं काळं राहू द्या.

सगळं झाल्यावर चमकायचा स्प्रे मारू नका, आपल्या धुळीत आठ दिवसांत त्याचा चिखल होतो.

भालोदची_फियाट

तीन रविवार झाले. सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष. पुतण्याला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, आता तोच पिशव्या बांधून देतो.

घरट्याखाली तीन वायरी तुटलेल्या निघाल्या. चौथीला वडिलांचा जोड होता, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. तो औषधाच्या डबीत ठेवला. पेटीत सोडा ओतला तेव्हा चार वेळा फसफसली, पाचव्यांदा गप्प बसली. डायनॅमोच्या ब्रॅकेटमागे करडा रंग दिसला, नखाएवढाच, पण स्वच्छ. गॅरेजवाल्याला सिल्व्हर नको म्हणून कळवलं.

अक्षरांना मी पूर्ण दोन दुपारी दिल्या. जवळपास साठ काड्या लागल्या. किटणाखालून पाच ओळी निघाल्या. चौथ्या ओळीत ‘लि’ची वेलांटी काडीवर पांढरी आली, तिथे थांबलो, ती ओळ अर्धी काळीच आहे. पाचवी पूर्ण निघाली: ‘१४-५-९१ रेडिएटर झाळलं, सावदा. पाणी ३ वेळा.’ मी नऊ वर्षांचा होतो. रस्त्यावर गाडी उभी होती, वडिलांनी उपरणं ओलं करून रेडिएटरच्या टोपणावर टाकलं होतं आणि मला लांब एका निंबाखाली बसवलं होतं. आईला बोलावून ती ओळ दाखवली. तिने चष्मा आणायला पाठवलं.

वायरमन दादा, आता टॅपेट कव्हर उघडायचं आहे, गळती तिथूनच आहे. बुचाचं पॅकिंग इथे मिळत नाही, रबराचं देतात. ते घेऊ का बुचाचंच शोधू? शुक्रवारी धुळ्याला येणं आहे, आग्रा रोडला कोणत्या बाजूला विचारायचं तेवढं सांगा.

धुळ्याचा_वायरमन

बुचाचंच घ्या, आणि बसवताना नट हाताला लागेल एवढाच, जोर लावून आवळलं की बूच फाटतं आणि पत्र्याचं कव्हर वाकतं. दुकान मी दाखवतो, सोबत येतो. येताना जुनं पॅकिंग फाटलेलं असलं तरी घेऊन या, माप त्यावरून घेऊ. आणि त्या अक्षरांचा एक फोटो आणा, मला बघायचाय.