सडलेल्या चासीवर वरून पत्रा चढवण्याविषयी
गाडीची चासी, म्हणजे तिचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली तर त्या भागावर नवा पत्रा चढवून वेल्डिंग करावे, असे सुचवले जाते. मला मात्र तो मार्ग धोक्याचा वाटतो. पेटीसारखी पोकळ चासी बहुधा आतून गंजते, कारण चिखल आणि पाणी तळाशी साचून राहते, आणि बाहेर भोक दिसेपर्यंत आतली झीज बरीच पुढे गेलेली असते. म्हणून टोकदार हातोडीने सगळी चासी ठोकून पाहावी. जिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो किंवा पत्रा दबतो, तिथे पूर्ण जाडीचे निरोगी लोखंड लागेपर्यंत कापत जाणे भाग आहे. दोन पत्र्यांमध्ये कोंडलेला गंज ओलावा धरून ठेवतो आणि वाढतच जातो.

कापण्यापूर्वीची तयारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बॅटरी आणि इंधनाची टाकी काढून, गाडी समपातळीत टेकवून, चासीवरच्या ठरावीक छिद्रांमधली कर्णाची (तिरकी) मापे मूळ मापांशी ताडावीत, मग तात्पुरते आधार जोडावेत आणि एका वेळी एकच भाग बदलावा. वेल्डही सलग न ओढता जागा बदलत, तुकड्यातुकड्याने घालावा, नाहीतर उष्णतेने चासी वाकते आणि पुढे चाकांचे अलाइनमेंट नीट बसत नाही.

फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (गंजाचे स्थिर थरात रूपांतर करणारे द्रावण) केवळ वरवरच्या गंजाला उपयोगी आहे. गेलेली जाडी त्याने परत येत नाही. रंगकाम झाल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारे मेणासारखे द्रव्य) फवारावे आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत.