साथीच्या काळातलं 'ज्ञान, दृष्टिकोन, आचरण' : पाहणीत नापास नक्की कोण होतं?

वागळेकर (धागाकर्ती)

आमच्या रुग्णालयात नर्सिंगच्या काही मुली प्रबंधासाठी प्रश्नावली वाटून गेल्या. विषय : कोविडच्या महासाथीत आरोग्य कर्मचाऱ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. २०२०पासून अशा पाहण्यांचं पेवच फुटलंय, त्यामुळे साचा पाठ झालाय. आधी विषाणू कसा पसरतो, हात किती सेकंद धुवायचे, पीपीई किट (अंगभर घालायचा संरक्षक पोशाख) कोणत्या क्रमाने काढायचं. मग 'मला या आजाराची भीती वाटते' छापाची विधानं आणि सहमत-असहमतच्या चौकटी. शेवटी नेहमी, कधीकधी, कधीच नाही. निष्कर्षही बहुतेक वेळा तोच : ज्ञान चांगलं, आचरण कमी, सबब प्रशिक्षण द्यावं.

माझं भांडण या 'सबब'शी आहे. ज्ञान चांगलंच आहे तर प्रशिक्षणाने काय भरणार? माहीत असणं आणि हातून होणं यांच्या मध्ये स्टोअर असतं, ड्युटी लिस्ट असते आणि कंत्राटदार असतो. त्यांच्यावर फॉर्ममध्ये एकही प्रश्न नाही.

मी आधी ठाण्यातच एका खाजगी रुग्णालयात होते. तिथे बेसिनच्या वर हात धुण्याच्या पायऱ्यांचं पोस्टर, छान लॅमिनेट केलेलं. खाली कोपराने उघडायचा नळ, पण त्याचा लांब दांडा तुटलेला, म्हणजे हातानेच उघडा आणि धुतलेल्या हातानेच बंद करा. साबणाच्या बाटलीत पाणी घालून घालून फेस यायचाच बंद झाला होता. त्या वॉर्डात सगळ्यांना ४० ते ६० सेकंद तोंडपाठ होते.

किटचंही तसंच. २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत एन-९५ मास्क खाकी पाकिटात घालून, वर स्केचपेनने नाव-तारीख टाकून आळीपाळीने वापरायचो. तुटवड्यात तीच अधिकृत सूचना होती. आता फॉर्ममध्ये 'एन-९५ पुन्हा वापरता का?' याला 'हो' म्हटलं की झालं चुकीचं आचरण. किट घातल्यावर पाणी पीत नव्हतो, बाथरूमला जात नव्हतो, कारण एकदा काढलं की दुसरं मिळेल याची खात्री नव्हती. १५ जून २०२०पर्यंत लोकल आम्हालाही बंद होती. बदलापूर-टिटवाळ्याच्या पोरी एसटीने यायच्या आणि शिफ्ट संपली तरी बदली माणूस पोचेपर्यंत थांबायच्या. अशा शिफ्टच्या शेवटी डॉफिंगचा, म्हणजे किट काढण्याचा, क्रम चुकला, तर ते अज्ञान का?

---

जुईनगरची सिस्टर

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

मी संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. सगळं खापर स्टोअरवर फोडलं की आपण सुटतो, म्हणून ते आपल्याला आवडतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांचं तुमचं खरं आहे. पण दुसऱ्या लाटेत आमच्याकडे किटांचे खोके जिन्यात रचलेले होते. तेव्हा काय झालं? कोविड वॉर्डात सगळे नखशिखांत बंद, आणि पॅन्ट्रीत मास्क हनुवटीखाली घेऊन एका वडापावच्या पुडक्याभोवती सहा जण. संसर्ग कुठे झाला असेल ते सांगायला नको.

ग्लोव्हजची गोष्ट घ्या. तेच ग्लोव्हज घालून तीन बेड. विचारलं तर, 'सिस्टर, ग्लोव्हज आहेत ना!' स्वतःचा हात स्वच्छ राहिला, विषय संपला.

आणि आता असा पुरावा देते की ज्यात स्टोअरचा संबंधच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितलेत. त्यांतले दोन : रुग्णाला हात लावण्याआधी आणि हात लावल्यानंतर. जिथे जिथे निरीक्षण होतं तिथे बहुधा 'नंतर'चं पालन जास्त आणि 'आधी'चं कमी दिसतं. नळ तोच, बाटली तीच, माणूस तोच. 'नंतर' धुतल्याने मी वाचते, 'आधी' धुतल्याने रुग्ण वाचतो. हा फरक दृष्टिकोनाचा आहे, इंडेंटचा (स्टोअरच्या मागणीपत्राचा) नाही.

---

वागळेकर

सॅनिटायझरची बाटली वॉर्डच्या दाराशी टांगलेली असते, बेडपाशी नाही. बाहेर पडताना हात आपोआप तिकडे जातो. दहा नंबरच्या बेडकडे धावत जाताना कोण दारापर्यंत उलटं फिरेल?

---

जुईनगरची सिस्टर

आत येतानाही दार तेच लागतं, ताई.

---

डॉ. कोपरखैरणे

जनरल प्रॅक्टिस करतो, पूर्ण काळ दवाखाना उघडा होता. तुम्ही दोघी आचरणावर भांडताय, पण 'ज्ञान' हा रकाना तरी कुठे धड आहे? त्यातलं बरोबर उत्तर कोण ठरवतं?

२८ मार्च २०२०ला जागतिक आरोग्य संघटनेने ठासून ट्वीट केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्या म्हटलं. संघटनेच्या संकेतस्थळावरची भाषा नीट बदलली ती एप्रिल २०२१च्या शेवटी. म्हणजे २०२०च्या फॉर्ममध्ये ज्या सिस्टरने 'हवेतून पसरतो' असं लिहिलं तिचा गुण गेला, आणि ज्याने 'फक्त थेंबांतून' लिहिलं तो हुशार! टीबीच्या वॉर्डात काम केलेल्या कित्येकांना खिडक्या उघडण्याचं महत्त्व आधीपासून कळत होतं. त्यांना उत्तरसूचीने अडाणी ठरवलं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंही तेच. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मार्च २०२०मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी ते सुचवलं : पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग सात आठवडे आठवड्यातून एकदा. आम्ही घेतलं. मार्च २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ते वापरू नका, अशी ठाम शिफारस केली. आता गोळी घेणाऱ्याचं आचरण चांगलं म्हणायचं की न घेणाऱ्याचं?

लसीबद्दलही थोडं. १६ जानेवारी २०२१ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झालं आणि सुरुवातीला येणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी होती. काही अंशी को-विन हे लसनोंदणीचं पोर्टल अडत होतं, आपल्या राज्यात तर दोन दिवस काम थांबवावं लागलं. पण जे बिचकले त्यांच्यावर 'दृष्टिकोन नकारात्मक' असा शिक्का बसला. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला मंजुरी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतला परिणामकारकतेचा आकडा हातात नव्हता, तो मार्चमध्ये आला. 'आधी आकडा दाखवा' म्हणणारा रेसिडेंट लसविरोधी नसतो, त्याने अभ्यास केलेला असतो.

---

घोडबंदरकर

वा! सगळेच निर्दोष. स्टोअर वाईट, फॉर्म वाईट, उत्तरसूची वाईट.

मी रुग्णाचा नातेवाईक म्हणून बोलतो. एप्रिल २०२१मध्ये आम्ही रेमडेसिव्हिर इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन ठाणे, भिवंडी, पनवेल पालथं घातलं. नोव्हेंबर २०२०मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिला होता, हे मला नंतर कळलं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं? नव्हतं तर ज्ञान कमी. होतं आणि तरी लिहिली तर दृष्टिकोन कमी. कुठला रकाना देऊ, डॉक्टरसाहेब?

---

डॉ. कोपरखैरणे

रागावणं रास्त आहे. पण केंद्राच्या उपचार-सूचनांत ते ऑक्सिजनवरच्या ठरावीक रुग्णांसाठी होतं, त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी चुकीची नव्हती. घरी झोपलेल्या, ऑक्सिजन न लागणाऱ्या माणसांसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र चूकच. आणि 'इंजेक्शन देत नाही म्हणजे डॉक्टर काही करत नाही' म्हणत टेबलावर हात आपटणारे नातेवाईकही मी पाहिलेत.

---

घोडबंदरकर

म्हणजे शेवटी चूक नातेवाईकांची. ठीक.

---

ऐरोलीची आशाताई

इथे इतकी चर्चा झाली पण आमच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून लिहिते.

हे फॉर्म मोबाइलवर येतात, बहुतेक इंग्रजीत, डॉक्टर-सिस्टरांच्या ग्रुपवर फिरतात. रुग्णालयातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बांधणाऱ्या मावशींना, बॉडी उचलणाऱ्या मामांना कुणी विचारलं? कोविडचा कचरा दुहेरी पिशवीत भरा, हा नियम मार्च २०२०मध्येच निघाला. तो प्रत्यक्ष हाताने पाळणाऱ्या बाईला तिच्या भाषेत कोण सांगत होतं? आमच्या ओळखीच्या एका मावशी दोन पिशव्या घालत, पण गाठ मारायच्या आधी पिशवी छातीशी दाबून हवा काढत. जागा कमी लागते म्हणून. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यामुळे वागळेकर ताई, प्रशिक्षण नको असं सरसकट म्हणू नका. तुमच्या वॉर्डात पुरे झालं असेल, खालपर्यंत पोचलंच नाही.

आणि ते भीतीचं विधान. १५ सप्टेंबर २०२०ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं. थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार. एकच ऑक्सिमीटर, प्रत्येकाच्या बोटाला. कापूस-सॅनिटायझर दुपारपर्यंत संपायचं, मग ओढणीचं टोक. सोसायटीचा वॉचमन आम्हाला गेटवरच अडवायचा, तुम्हीच रोग आणता म्हणून. भीती वाटायचीच, घरी सासूबाई दम्याच्या. 'भीती वाटते'वर टिक केलं की आमचा दृष्टिकोन वाईट ठरतो. मला तर वाटतं, जिला भीती वाटत होती तीच मास्क नीट लावायची.

---

जुईनगरची सिस्टर

आशाताईंना +१. मावशी-मामांचं वर्षाकाठी एकच सत्र होतं, तेही निम्म्यांची रात्रपाळी असताना. कंत्राट बदललं की माणसं नवी. हे मीच दर वेळी लिहून देते.

पण वागळेकर, यातून तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही. फॉर्म कुचकामी आहे इथपर्यंत आपण एक आहोत. माझा उपाय : विचारू नका, बघा.

---

वागळेकर

कोपऱ्यात वही घेऊन कुणी उभं राहिलं की आख्खा वॉर्ड हात धुतो. ती गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मावशींच्या प्रशिक्षणाचं मात्र मान्य.

---

जुईनगरची सिस्टर

मग वही नको, खप मोजा. हजार रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्ण-दिवस) किती लिटर हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं सॅनिटायझर, संपलं. ही जागतिक आरोग्य संघटनेचीच पद्धत आहे, आणि बाटलीला बघणाऱ्यासमोर नाटक करता येत नाही.

---

वागळेकर

खप म्हणजे स्टोअरचंच रजिस्टर. आलात ना माझ्या मुद्द्यावर! त्या मुलींना मी हेच सांगणार आहे : फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवा. महिन्याला किती मागितलं, किती मिळालं, शिफ्टला माणसं किती.

---

जुईनगरची सिस्टर

जरूर वाढवा. चौथाही घाला : मिळालेलं किती तसंच पडून एक्स्पायर झालं. आमच्याकडे मागच्या ऑडिटला निघालं होतं, आणि त्या वॉर्डात कर्मचारी पुरेसे होते.