मदत हवी आहे : ढकलून चालवायच्या जुन्या लॉनमोअरचा दांडा दुमडता कसा करावा?

नमस्कार.

नाशिकच्या आमच्या रो-हाउससमोर तीस फूट बाय पंधरा फुटांचा हरळीचा तुकडा आहे. तो कापण्यासाठी वडिलांनी १९८७ साली घेतलेले, मोटर नसलेले लॉनमोअर आजही उत्तम चालते. पावसाळ्यात ते दर आठवड्याला लागते आणि ते चालवण्याचा मान वयाच्या शहात्तराव्या वर्षीही वडिलांकडेच आहे. आजवर हे यंत्र मागच्या पडवीत उभे असे. यंदा पडवीची खोली केल्यामुळे त्याच्यासाठी जिन्याखालचा कोनाडा तेवढा उरला आहे, ज्याची उंची ८५ सेंटीमीटर आणि खोली ६० सेंटीमीटर आहे. यंत्राचे धड त्यात सहज मावते. ११५ सेंटीमीटरचा दांडा मात्र बाहेर येतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत अडकतो.

यंत्राच्या दोन्ही बाजूंना बिडाच्या ओतीव तबकड्या असून त्यांच्यामध्ये पीळदार पाच पात्यांचा रूळ आणि त्याखाली एक स्थिर पाते आहे. एडविन बडिंग यांनी १८३० साली इंग्लंडमध्ये हे यंत्र काढले ते गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून, आणि कात्रीसारखे कापण्याचे ते तत्त्व आजही तसेच आहे. म्हणून दोन पात्यांमधली जेमतेम कागदाएवढी फट बिघडेल, असा घाव किंवा ताप तबकड्यांना लागू नये, ही माझी पहिली अट आहे.

दांडा म्हणजे २५ मिलिमीटर बाह्य व्यासाचा, यू आकारात वाकवलेला लोखंडी पाइप असून त्याचे दोन पाय खाली एकेका बोल्टने तबकड्यांना जोडलेले आहेत. त्या बोल्टवर दांडा जवळजवळ उभा होईपर्यंत फिरतो, परंतु ११५ सेंटीमीटरचा दांडा ८५ सेंटीमीटरच्या कोनाड्यात उभा राहणे शक्य नसल्याने तो मध्येच कुठेतरी मोडावा लागणार, हे उघड आहे.

ओळखीच्या फॅब्रिकेटरने तबकडीवर नवा कान वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली. पण बीड नीट तापवून न घेता वेल्डिंग केले, तर जोडाशेजारीच तडा जातो हे ठाऊक असल्याने मी नकार दिला. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही पाय कापून त्यांत २२ मिलिमीटरचा पाइप सरकवायचा आणि दांडा दोन तुकड्यांत वेगळा करायचा. मात्र दोन्ही पाय एकाच वेळी नेमके बसवणे वडिलांना जड जाईल आणि पहिल्याच पावसाळ्यात आतला पाइप गंजून अडकेल, अशी मला शंका आहे. (सुटा झालेला अर्धा भाग आमच्या घरात पुन्हा सापडेल, याचीही खात्री नाही.)

त्यामुळे मनात तिसरा पर्याय आहे. प्रत्येक पाय कापून सांध्याच्या दोन्ही बाजूंनी ५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्ट्या बोल्टने बसवायच्या, त्यांपैकी एका बोल्टवर वरचा भाग फिरेल आणि दुसऱ्या भोकातली खीळ काढली की तो पुढच्या बाजूला दुमडेल. सांधा नेमका किती उंचीवर घ्यावा, ढकलताना तो खुळखुळू नये म्हणून काय करावे आणि भोकांमुळे पाइप कमजोर होईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण निवडलेला तिसरा पर्यायच योग्य आहे. मी असाच सांधा हातगाडीच्या दांड्याला केलेला आहे. ढकलताना दांडा वरखाली वाकू पाहतो, त्यामुळे सर्वाधिक ताण पाइपच्या माथ्यावर आणि तळाला येतो. भोके दोन्ही कुशींवर, म्हणजे चाकांच्या आसाला समांतर पाडलीत, तर ती सर्वांत कमी ताणाच्या जागी पडतात आणि पाइपची ताकद फारशी घटत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. फिरणारा बोल्ट कापलेल्या टोकापासून २५ मिलिमीटरवर घेतला, तर दुमडताना पाइपचा कोपरा सुमारे २८ मिलिमीटर त्रिज्येने फिरतो, म्हणून दोन टोके एकमेकांना भिडवून ठेवली तर सांधा हलणारच नाही. मध्ये ४ मिलिमीटर फट ठेवा किंवा टोके कानशीने गोलसर करा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोल्ट आवळताना पोकळ पाइप चेपतो आणि चेपला की सांधा कायमचा ढिला पडतो. प्रत्येक भोकाच्या ठिकाणी पाइपच्या आत भरीव सळईचा तुकडा ठोकून बसवा आणि भोक त्याच्यासकट आरपार पाडा. फिरत्या बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, आपोआप सैल न होणारा नट) लावा. काढघालीच्या खिळीसाठी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी लिंच पिन (स्प्रिंगच्या कडीने जागेवर अडकून राहणारी खीळ) घ्या आणि ती साखळीने दांड्यालाच बांधून ठेवा, म्हणजे ती गवतात हरवणार नाही.

दोन्ही पाय सांध्याच्या जागी समांतर आहेत ना, हे आधी तपासा. ते वर जाताना एकमेकांकडे झुकत असतील, तर दोन्ही बोल्ट एका रेषेत येणार नाहीत आणि दांडा अर्ध्यावरच अडेल.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. भरीव सळईची कल्पना मला सुचलीच नव्हती. आपले वाचून आजच मोजमाप घेतले: पाय खालून ५२ सेंटीमीटरपर्यंत समांतर आहेत आणि तिथून पुढे आत वळतात. त्यामुळे सांधा ४५ सेंटीमीटरवर घेण्याचे ठरवतो, म्हणजे पट्ट्या सरळ भागातच राहतील. दांड्याचा खालचा बोल्ट जमिनीपासून २० सेंटीमीटरवर असल्याने दुमडलेल्या यंत्राची उंची साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर भरेल. वरचा भाग पुढे दुमडल्यावर त्याची मूठ पात्यांसमोर लोंबेल, तेव्हा मुठीकडे हात घालणाऱ्याचे बोट कापू नये म्हणून रुळापुढे काय झाकण लावावे, हे आता विचारावेसे वाटते. गोणपाट गुंडाळले तर ओल धरून पाती गंजतात, हा अनुभव गेल्याच वर्षी घेतला आहे.

प्रतिसाद

बागेला पाणी घालायच्या जुन्या रबरी नळीचा तुकडा उभा चिरून स्थिर पात्याच्या धारेवर चढवा आणि रुळापुढे प्लायवुडची फळी दोन हुकांनी अडकवा. फळी आणि रूळ यांच्यात बोटभर हवा खेळू द्या आणि कोनाड्यात ठेवण्यापूर्वी पाती कोरडी पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवा.