‘प्रकाशरोधक’ म्हणावं का? आणि एलडीआरच्या मंद परतीला शब्द हवा

कोपरीकर
गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या इफेक्ट पेडलमधली सर्किटं सॉफ्टवेअरमध्ये उभी करायचा मला नाद आहे. ठाण्यातल्या आमच्या चार-पाच जणांच्या गटासाठी त्याची टिपणं मराठीत लिहितोय. सध्या युनि-व्हाइब या पेडलवर आहे, १९६९ साली अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं वापरलेलं ते. मध्ये छोटा बल्ब, भोवती चार एलडीआर, म्हणजे उजेड पडला की ज्यांचा विजेला होणारा रोध कमी होतो असे भाग. बल्ब उजळतो-मंदावतो तसा त्यांचा रोध बदलतो आणि सुराला हेलकावा येतो. एलडीआरला मी ‘प्रकाशरोधक’ लिहिलं. धाकट्या भावानं विचारलं, “म्हणजे खिडकीचा काळा पडदा का?”

ऐरोलीकर
भाऊ बरोबर बोलला. जलरोधक पाणी अडवतो, उष्णतारोधक उष्णता अडवतो. ‘रोधक’च्या आधी जे येतं, ते अडतं. इथे प्रकाश अडत नाही, उलट तो पडला की वीज वाहू लागते. अंधारात मेगओहममध्ये, म्हणजे दशलक्ष ओहमच्या घरात असणारा रोध चांगल्या उजेडात काहीशे किंवा काही हजार ओहमवर येतो. ‘प्रकाशसंवेदी रोध’ लिहा. शाळेत ‘रोधांची एकसर जोडणी’ शिकलोय, तेव्हा ‘रोध’ कानाला नवा नाही. बोलताना मात्र एलडीआरच.

कोपरीकर
पटलं, बदलतो. खरा गुंता पुढे आहे. एलए-२ए हा जुना कंप्रेसर, म्हणजे फार मोठा झालेला आवाज दाबणारं यंत्र घ्या. आवाज वाढला की त्यात आतला दिवा उजळतो. त्यात उजेड पडताच एलडीआर काही मिलिसेकंदांत प्रतिसाद देतो, पण उजेड गेल्यावर लगेच मूळ जागी येत नाही. दाबलेला आवाज निम्मा सुटायला साधारण ६० मिलिसेकंद, उरलेला सुटायला काही सेकंद. आणि आधी जितका वेळ जोरात दाबलं असेल, तितकी परती लांबते. कोडमध्ये परतीचा वेग ठरवणारा एकच ठरावीक आकडा (टाइम कॉन्स्टंट) ठेवला की आवाजातला जीव जातो. या परतीला काय म्हणू? ‘विरणे’ की ‘ओहोटी’?

वाशीची मी
‘विरणे’ नको. धुकं विरतं, कापड विरतं, म्हणजे ते नाहीसं होतं. इथे रोध मूळपदावर येतोय. ‘ओहोटी’ही नको. रोज खाडीपुलावरून जाते, भरतीला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच ओहोटीला. तुमच्याकडे चढणं क्षणाचं आणि उतरणं रेंगाळणारं. त्याला ‘ओसरणे’. २६ जुलै २००५ चं पाणी आठवा, चढलं कसं आणि ओसरलं कसं. शेवटची वीतभर उंची किती वेळ तशीच होती.

ऐरोलीकर
‘ओसरणे’ उत्तम, ‘ओसरकाळ’ही सहज होतो. पण “आधी किती वेळ उजेड होता” ही आठवण त्यात येत नाही. त्यासाठी आपल्याकडे शब्द आहे: सरावणे. उन्हातून घरात आलं की क्षणभर काही दिसत नाही, मग डोळे अंधाराला सरावतात. जितकं ऊन जास्त, तितका वेळ जास्त. एलडीआर अगदी असाच वागतो.

कोपरीकर
वा! पण नाम केलं की ‘सराव’ होतो, आणि आमच्यातले दोघं तबलजी. ते सराव म्हणजे रियाजच समजणार.

वाशीची मी
मग नाम करूच नका. मोजायला ‘ओसरकाळ’, वर्णनाला ‘सरावणे’ हे क्रियापद. मराठीचा जोर क्रियापदातच आहे. मी शिकवताना नामांच्या माळा तोडते, की मुलांना लगेच कळतं. आणि युनि-व्हाइबच्या बल्बचं विसरू नका. त्याची तार तापून निवायलाही वेळ लागतो. ती निवते, एलडीआर सरावतो. या दोन वेगळ्या दिरंगाया आहेत.

कोपरीकर
हे मी एकत्रच मोजत होतो! आता दोन टप्पे वेगळे लिहिले. टिपणातलं वाक्य असं झालं: “आधी तारेचं तापणं-निवणं काढा, त्यातून उजेड मिळेल. मग त्या उजेडाला एलडीआर कसा सरावतो ते काढा. हिशेब रोधाच्या लॉगवर (लॉगरिदमवर) करा. ओसरकाळ स्थिर धरू नका. नुकताच जितका उजेड पडून गेला, तितका तो वाढवा.”